आज्याच्या इमानाचं काय करायचं?

राजूरला बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलो होतो. आपली पाच-सहा पोरं आली. अभ्यासवर्ग चालवणारी, जयंतीची वर्गणी गोळा करणारी, कुठं अन्याय झाला की मोटारसायकली काढून पोलीस ठाण्यावर जाणारी पोरं. म्हणाली, "गुरुजी, खर्ड्याचा किल्ला बघायला जायचंय. झाडू-घमेली घेऊन. तटावरची झुडपं काढायची. बाकीची मंडळं गड साफ करतात, मग आपणच का मागं?"

त्यांच्यातलाच एकजण कडेला उभा होता. तो म्हणाला, "मी न्हाई येणार. ज्या भिंतीनं आपल्याला पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलं ती झाडायला आपणच जायचं? झाडू काय, आधीपासून आपल्याच हातात होता की."

दुसरा उसळला. "अरे पण ती भिंत राखली कुणी? येशीवर रातभर कोण उभं होतं? आपलेच बापजादे ना? मग ती आपली न्हाई का?"

चहा तसाच राहिला. दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. पण दोन्ही मिळून एक खरं होत नव्हतं. मी म्हणालो, "झाडू राहू द्या इथंच. आधी जाऊन बघू. पायानं फिरू, मग बोलू."

मित्रांनो, त्या फिरण्यातून जे सुचलं ते इथं मांडतो आहे. हे प्रवासवर्णन नाही. प्रश्न साधा आहे आणि मला तो साठ वर्षं छळतो आहे. ज्या गावानं आपल्याला कुसाबाहेर ठेवलं, त्याच गावाचं कूस आपल्या आज्या-पणज्यानं रात्र-रात्र जागून राखलं. त्याच्या त्या जागण्याचं, त्या इमानाचं आपण आज काय करायचं? अभिमान धरायचा की लाज धरायची?

*

आधी वाटांविषयी बोलू. आमचं राजूर म्हणजे डांगाणाचं तोंड. पेढ्यांचं गाव, डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचं गाव. इथून वर गेलं की सह्याद्री सुरू. रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वरच्या ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्यांना कूस नाही. डोंगर हीच त्यांची भिंत. कूस लागतं ते खाली, प्रवरेच्या खोऱ्यात, पांढरीवर वसलेल्या गावांना.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या राजूरवरून वर जातात. पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट. ती पोरं वाईट नसतात. वाट विचारतात, फोटो काढतात, दमून-भागून हसत परत येतात. त्यांना पायवाट म्हणजे मोकळीक. चार दिवस साहेबाचं तोंड बघायला नको. मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण माझा आजा जन्मभर चालला. फिरला नाही, चालला. प्रवरेकाठच्या एका गावात तो येसकर होता. गावाचा भरणा निघाला की पाटील-कुलकर्ण्याच्या पुढं चालायचं. सरकारी माणूस आला की त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन पळायचं. दहा कोस असो, पाऊस असो, रात्र असो. मेलेल्याची बातमी सांगायची आणि त्या गावच्या कुसाबाहेरच थांबायचं. कुणी भाकरी टाकली तर खायची, नाही तर तसंच परत. त्याच्या पायाखालून तालुक्यातली एकही वाट सुटली नव्हती. पण त्यातली एकही वाट त्यानं स्वतःसाठी धरलेली नव्हती.

याला वतन म्हणत. नाव किती मोठं! तुकडाभर जमीन, दारोदारची भाकरी, आणि त्या बदल्यात चोवीस तासांची बांधिलकी. एकाच्या बांधिलकीत सगळं घर बांधलेलं. तो आजारी पडला तर भाऊ, भाऊ नसला तर पोरगा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं ते याचसाठी. हे वतन म्हणजे मान नव्हे, पायातला खोडा आहे, हे ते आपल्या लोकांना सभांतून सांगत होते. आणि आपल्याच लोकांना ते पटत नव्हतं, कारण वतन सोडायचं म्हणजे आज्याची जमीन सोडायची, आज्याचा हक्क सोडायचा. शेवटी १९५८ साली कायदा झाला आणि ही कनिष्ठ वतनं गेली. तीस वर्षं लागली.

आज्याकडं घुंगुरकाठी होती. पाळीची काठी. रात्री कुसाच्या कडेनं तो ती आपटत फिरायचा. आवाज आला की आतली माणसं कूस बदलून झोपायची, की येसकर जागा आहे, आपण झोपायला हरकत नाही.

५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या बापाला जाता आलं नाही. पण त्याच हिवाळ्यात वस्तीनं देव्हारे नदीत सोडले आणि बापानं आज्याची काठी चुलीत घातली. आजा काही बोलला नाही. घुंगरं पितळेची, ती जळली नाहीत. आजीनं राखेतून काढून डब्यात ठेवली. त्यानंतर आज्यानं गावाची पाळी कधी केली नाही. पण त्याला रात्रीची झोपही लागेना. दोन प्रहर उलटले की उठायचा आणि आपल्याच वस्तीभोवती चक्कर मारायचा. आई सांगायची, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, कुणाची बाई अडलीय, हे सगळ्यांत आधी म्हाताऱ्याला कळायचं. तोच जाऊन चार माणसं उठवायचा.

लहानपणी मला बापाचं बरोबर वाटायचं. मोठेपणीही वाटतं. काठी जाळायलाच हवी होती. पण म्हातारा रात्री का उठत होता, ते मला खर्ड्याला जाईपर्यंत नीट उमगलं नव्हतं.

*

नगर जिल्हा, आता कागदावर अहिल्यानगर, क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. राजूर त्याच्या एका टोकाला, खर्डा दुसऱ्या. पहाटेची एस्टी धरली. अकोले, संगमनेर, नगर, जामखेड. उन्हं कलली तेव्हा खर्ड्यात उतरलो. डोंगर कुठल्या कुठं राहिले होते. इथं सगळा माळ. आणि माळावर काळ्या दगडाचा चौकोनी भुईकोट, भोवती खंदकाची खूण. १७४३ साली सुलतानजी निंबाळकरांनी तो बांधला. गावात निंबाळकरांची गढी. किल्ल्यापाशी ७४ मीटरचा ध्वजस्तंभ, २०२१ सालचा. लांबून आधी तोच दिसतो.

पोरं दरवाज्याकडं निघाली. मी म्हणालो, "आधी बाहेरून. सगळे जण तटाच्या कडेनं एक फेरी मारा. आतून किल्ला सगळेच बघतात. आपल्याला तो बाहेरून बघायची सवय आहे, ती वापरू."

फेरी मारायला फार वेळ लागत नाही. पण पोरं हळूहळू गप्प झाली. तट बाहेरून बघितला की त्याची भाषा कळते. आतल्या माणसाला भिंत म्हणजे आधार, पाठ टेकायची जागा. बाहेरच्याला तीच भिंत म्हणजे नकार. दगड तेच, घडाई तीच. आणि मग पहारेकऱ्याचा विचार करा. किल्ल्यावरचा शिपाई निदान तटाच्या आत, नाही तर तटावर असतो. गावाचा येसकर तटाबाहेर. धाड आली की येस आतून लागते आणि राखणारा बाहेरच राहतो. जगात असा पहारा दुसरीकडं कुठं असेल तर मला सांगा.

हे असं कसं झालं? बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी पुस्तक लिहिलं, त्यात याची एक उपपत्ती मांडली आहे. टोळ्या स्थिर होऊन शेती करू लागल्या. हरलेल्या टोळ्यांतली वाताहत झालेली माणसं निराधार हिंडत होती. स्थिर झालेल्यांना राखण हवी होती, वाताहत झालेल्यांना आसरा हवा होता. दोघांत सौदा झाला. आसरा मिळाला, पण गावाबाहेर. एक तर ती परक्या रक्ताची, आणि दुसरं म्हणजे राखण करायची तर हद्दीवरच राहायला हवं. अस्पृश्यता त्यावर पुढं आली. म्हणजे आधी बाहेर राहणं आलं, विटाळ मागून आला. ही उपपत्ती आहे, बाबासाहेबांनी ती उपपत्ती म्हणूनच मांडली. पण तटाच्या कडेनं फिरताना तिच्यातली एक गोष्ट मनाला लागते. आपण हीन होतो म्हणून बाहेर नव्हतो. आपण कामाचे होतो म्हणून बाहेर होतो.

आणि कामाचे होतो म्हणून भिंतीच्या आतही होतो. कसे? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी. तिनं मांग-महारांचं दुःख लिहिलं, त्यात हेही आहे की मोठ्यांच्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. जिवंतपणी बाहेर, मेल्यावर पायात. मी हे सांगितलं तेव्हा एका पोरानं तटाला लावलेला हात झटकन काढला.

*

मग आत गेलो. आत विहीर आहे, मशीद आहे, पडझड आहे. राखण आपली असं म्हणणारा पोरगा आता जोरात होता. कारण खर्डा म्हटलं की सिदनाक आठवतो.

११ मार्च १७९५. मराठे आणि निजाम यांची लढाई. निजाम हरला आणि याच किल्ल्यात शिरला. मराठ्यांच्या फौजेत कळंबीचा सिदनाक महार आपली माणसं घेऊन आलेला. कथा अशी सांगतात, सांगणारे जरा वेगवेगळी सांगतात, की त्याचा तंबू इतरांच्या तंबूंना लागून होता आणि काही सरदारांनी हरकत घेतली, महाराचा तंबू आमच्यात नको. तेव्हा एका जुन्या सरदारानं त्यांना गप्प केलं. ही जेवणाची पंगत नव्हे, तलवार चालवणाऱ्यांची पंगत आहे, इथं जात काढू नका, असा त्याचा सूर. आणि लढाईत सिदनाकानं परशुरामभाऊ पटवर्धनांना वाचवलं.

"बघा!" पोरगा म्हणाला, "तंबू हलला न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई हलला. आता त्या सरदाराचं बोलणं परत ऐक. जेवणाची पंगत नव्हे, असं तो म्हणाला. म्हणजे जेवणाची असती तर?"

पोरगा थांबला.

सरदार भला माणूस असेल. त्या काळी तेवढं बोलायलाही छाती लागली असेल. पण त्याची समता लढाईपुरती आहे. मरायच्या वेळी शेजारी तंबू चालतो. ताटं मांडली की माणूस परत आपल्या जागी. सिदनाकाची तलवार खरी, त्याची छाती खरी, ती आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपण त्याची गोष्ट सांगतो तेव्हा कशाचा अभिमान सांगतो हे बघावं. त्याच्या मर्दानगीचा? की त्यांनी आपल्याला एक दिवस शेजारी बसू दिलं याचा? पहिला अभिमान माणसाचा आहे. दुसरा गुलामाचा. दोन्ही एकाच गोष्टीत गुंतलेले असतात. सोडवून बघायची तसदी कुणी घेत नाही.

हे मी नुसतं कोरडं बोलत नाही. बाबासाहेब स्वतः १ जानेवारी १९२७ ला भीमा-कोरेगावच्या स्तंभापुढं उभे राहिले. पराक्रम त्यांनी नाकारला नाही. पण ज्या इंग्रजांसाठी तो पराक्रम झाला त्यांनी नंतर महारांची पलटणभरती बंद केली, याचा जाबही ते विचारत होते. पराक्रम आपला म्हणायचा आणि धन्याला मात्र प्रश्न विचारायचा. ही रीत आपण विसरत चाललो आहोत. आपण पराक्रमाबरोबर धनीही पत्करतो. मोठा स्तंभ, मोठा झेंडा, मोठा किल्ला दिसला की आमचेही लोक तिथं होते हो, असं सांगायला धावतो. होते ना. कुठं होते, कोणत्या बाजूला होते, हे कोण विचारणार?

विहिरीपाशी तो पहिला, न येणारा पोरगा उभा होता. शेवटी तोही आला होता. वाकून आत बघत म्हणाला, "हितलं पाणी कोण भरत असंल, गुरुजी?"

मग मला बाबासाहेबांची एक किल्ल्याची सफर सांगावीच लागली. १९३४ साल. बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला बघायला निघाले. तेव्हा तो मुलूख निजामाचा. रमजानचे दिवस. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्यानं भरलेला हौद. अंगावर वाटेची धूळ. मंडळींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला. शिव्या झाल्या, प्रसंग मारामारीवर येऊ घातला. शेवटी काय ठरलं? किल्ला बघा, पण आत कुठं पाण्याला हात लावायचा नाही. आणि पाण्याला हात लागू नये म्हणून एक हत्यारी शिपाई बरोबर दिला.

बाबासाहेबांनी ही हकिकत लिहिली ती हे दाखवायला की हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच वाटतो. जातीची भिंत धर्माच्या भिंतीपाशी थांबत नाही, तिच्या आरपार जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दरवाजा उघडला होता. बाबासाहेब किल्ल्यात गेलेही. म्हणजे ते आत होते का? शिपाई बरोबर चालला आहे, तहान लागली आहे, समोर पाणी आहे आणि हात लावायचा नाही. याला आत म्हणायचं असेल तर बाहेर कशाला म्हणायचं?

म्हणून आत घेतलं की प्रश्न सुटतो असं समजू नका. आज खर्ड्याचा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे. पुरातत्त्वाच्या पाटीपुढं महार-मराठा नाही. ती मोकळीक घटनेनं दिली आहे, कुणाच्या भलेपणानं नाही, आणि ती आपण पायानं वापरली पाहिजे. पण उघड्या दरवाज्यातून आत गेलेल्या माणसाबरोबर तो शिपाई अजून चालतो आहे का, हे गावात जाऊन बघावं लागतं.

*

आणि आम्ही गावात गेलो. मित्रांनो, खर्डा हे नाव तुम्ही किल्ल्यामुळं ऐकलेलं नाही. तुम्ही ते २८ एप्रिल २०१४ मुळं ऐकलं आहे. सतरा वर्षांचं आपलं पोर. शाळेत शिकणारं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारलं, अशी फिर्याद. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या वस्त्यांत त्याचे फलक लागले होते. मोर्चे निघाले, मंत्री आले, गाड्या आल्या, गाड्या गेल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात निकाल लागला. नऊ आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार उलटले होते.

म्हातारी माणसं सांगत, किल्ला तोफेनं पडत नाही, फितुरीनं पडतो. कोर्टाच्या भाषेतही उलटलेल्या साक्षीदाराला आपल्याकडं फितूर साक्षीदारच म्हणतात. शब्द तोच आहे. मोर्च्याची तोफ आपण जोरात उडवली होती. पण खटला पडला तो आतून.

साक्षीदाराला शिव्या देणं सोपं आहे. मीही दिल्या असतील. पण त्याचं पोट गावात आहे. वावर गावात, पोरं गावच्या शाळेत, उसनंपासनं गावाकडूनच. खटला तीन-तीन, चार-चार वर्षं चालतो. मोर्च्याच्या दिवशी त्याच्याभोवती दहा हजार माणसं असतात. दुसऱ्या वर्षी, अमावस्येच्या रात्री, त्याच्या दाराची कडी कुणी वाजवली तर तिथं कोण असतं? कुणी नसतं. आपण पुढच्या प्रकरणाच्या मोर्च्यात असतो.

तिथं उभं राहिल्यावर मला आजा आठवला. काठी जळाल्यावरही रात्री उठणारा.

मला वाटतं, उत्तर तिथं आहे. आज्याच्या इमानात दोन गोष्टी होत्या आणि आपण त्या एकच समजत होतो. एक म्हणजे जागेपण. झोप मोडून उठायचं, दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहायची, शिवेचा दगड कुठं होता ते विचारलं तर पाटलासमोरही खरं तेच सांगायचं. येसकराची साक्ष शिवेच्या भांडणात मोलाची मानत, ती उगाच नाही. ही त्याची स्वतःची कमाई. दुसरी गोष्ट म्हणजे ते जागेपण कुणासाठी हे ठरवायचा हक्क. तो त्याला कधीच नव्हता. तो गावाचा होता. गावानं काय केलं, आज्याचं जागेपण घेतलं आणि त्याला आपल्या येशीला बांधलं. त्यालाच इमान म्हणायला शिकवलं.

जो पोरगा राखण आपली म्हणून भिंत आपली म्हणत होता, त्यानं जागेपणाबरोबर येसही कवटाळली. जो पोरगा येणार नाही म्हणत होता, त्यानं येशीबरोबर जागेपणही फेकून दिलं, की आमचे आजे गुलाम होते, त्यांच्यात घेण्यासारखं काही नाही. दोघांनी गावाचाच हिशोब मान्य केला, की हे दोन्ही एकच आहे. माझ्या बापानं काठी जाळली आणि बरोबर केलं. म्हातारा रात्री उठला आणि वस्तीभोवती फिरला, त्यानंही बरोबर केलं. बापानं येस सोडली. आज्यानं जागेपण राखलं, फक्त धनी बदलला. नाही, धनी बदलला असंही नाही. धनी उरलाच नाही. पहिल्यांदा तो स्वतःच्या मर्जीनं जागा होता.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण वस्तीभोवती फिरायचं म्हणजे परत एक कूस घालायचं का? प्रश्न रास्त आहे. आपणही भिंती बांधतो. महारवाड्यापासून मांगवाडा किती पावलं होता ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. मुक्ता साळवेनं मांग-महारांचं दुःख एका दमात लिहिलं, आपण दीडशे वर्षांनी ते वेगवेगळ्या वहीत लिहितो. राजूरच्या बाजारात ठाकराची बाई करवंदं घेऊन बसते, तिला हुसकावताना आपल्यातला दुकानदारही मागं नसतो. म्हणून मी म्हणतो, वस्ती राखायची नाही, माणूस राखायचा. जो एकटा पडला आहे तो. आज आपला, उद्या ठाकराचा, परवा पारध्याचा. त्यासाठी कूस लागत नाही. रात्री उठावं लागतं.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तिच्यात १५-अ हे कलम आलं, पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचं. संरक्षण, कोर्टात जाण्यायेण्याचा खर्च, तपासाची माहिती मिळण्याचा हक्क. किती कार्यकर्त्यांनी ते वाचलं आहे? किती साक्षीदारांना ते कुणी वाचून दाखवलं आहे? कलम कागदावर आहे. त्याला येसकर नाही.

*

परतीच्या एस्टीत पोरं झोपली. न येणारा जागा होता. म्हणाला, "मग गुरुजी, तट झाडायचा का न्हाई?"

मी म्हणालो, "झाडायचा नाही आणि पाडायचाही नाही. तो पुरावा आहे. चोरीचा माल जसा जपून ठेवतात कोर्टात, तसा जपायचा. फिरायचं, भरपूर फिरायचं. हरिश्चंद्रगड चढा, रतनगड चढा, वाटा आता आपल्या मर्जीच्या आहेत. पण जिथं कूस दिसेल तिथं आधी बाहेरून फेरी मारायची आणि विचारायचं, राखणारा कुठं राहत होता? त्याची विहीर कोणती? त्याची भाकर कुणी दिली? वहीत लिहून काढायचं. ज्या म्हाताऱ्यांना आठवतं ते आता थोडे राहिलेत."

तो गप्प बसला. मग म्हणाला, "आणि रात्री?"

"आपल्या तालुक्यात सध्या किती प्रकरणं कोर्टात आहेत?"

त्यानं बोटांवर मोजली.

"त्यातले साक्षीदार कुठं राहतात, माहीत आहे?"

त्याला एकाचंच घर माहीत होतं. मलाही तेवढंच माहीत होतं. राजूरला उतरेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एका कागदावर गावांची नावं लिहिली आणि कुणी कधी जायचं ते ठरवलं. रविवारी पोरं गडावर जायची ती आता या वाटेनं जातात. सगळी नाही, तिघं-चौघं. घुंगुरकाठी कुणाच्या हातात नाही.

जयभीम.